कामावरची कुरबुर : आधी निदान, मग शिक्षा

संप, टाळेबंदी, मोर्चा हे शब्द वाचले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या शहरातल्या गिरण्या आणि कारखाने उभे राहतात. परंतु आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातही कामावरचे तंटे रोज होत असतात. ते कापडाच्या दुकानात होतात, तेलाच्या मिलमध्ये होतात, लाकडाच्या वखारीत, छापखान्यात, गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपावर होतात. आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातही होतात. अशा ठिकाणी पाचपासून पन्नासपर्यंत माणसे कामाला असतात. तिथे युनियन नसते, कामगार अधिकारी नसतो. मालकच हजेरी मांडतो, मालकच पगार वाटतो, तोच रागावतो आणि मुलीच्या लग्नाला उचलही तोच देतो. त्यामुळे कुरबुर झाली की ती अर्जात, फायलीत जात नाही. ती मनात साठते आणि थोड्याच दिवसांत शरीरावर दिसू लागते.

आरोग्याच्या सदरात मालक-नोकरांचे भांडण कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे कारण एवढेच की, या भांडणातले दोन्ही पक्ष माझ्याकडे येतात. नोकर येतो तो छातीत जळजळ, डोके जड, झोप नाही, अशी तक्रार घेऊन. मालक येतो तो रक्तदाब वाढला, साखर आटोक्यात येत नाही म्हणून. दोघांनाही गोळ्या लिहून देता येतात. पण "हे केव्हापासून होते?" असे विचारले की हळूहळू दुकानातली हकिकत बाहेर येते. पंचवीस-तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशा हकिकती मी भरपूर ऐकल्या. त्यांतून जे लक्षात आले ते आज मालकवर्गापुढे ठेवतो. नोकरवर्गानेही वाचावे, त्यांच्याही उपयोगाचे आहे.

राग शरीरात काय करतो

माणूस संतापला की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात, यकृतातून साखर रक्तात सोडली जाते. ही सारी तयारी निसर्गाने लढण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी करून ठेवली आहे. पण गल्ल्यावर बसलेला मालक पळू शकत नाही आणि समोर उभा असलेला नोकर लढू शकत नाही. तयारी मात्र पूर्ण होते आणि वाया जाते.

एखाद्या दिवशी असे झाले तर निरोगी शरीर ते सहन करते. पण ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांना एकच मोठा भडकाही महाग पडू शकतो. रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीपेक्षा दुपटीहून अधिक असतो, असे १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

दबून राहिलेल्या रागाचीही हीच गत आहे. १९८५ साली लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांतील दहा हजारांहून अधिक नोकरांची पाहणी सुरू झाली. ती 'व्हाइटहॉल' पाहणी म्हणून ओळखली जाते. त्या पाहणीतून २००५ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आपले वरिष्ठ आपले म्हणणे ऐकून घेतात, आपल्याशी न्यायाने वागतात असे ज्या पुरुष नोकरांना वाटत होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही हा फरक राहिला. म्हणजे न्यायाची वागणूक ही नीतीची गोष्ट आहेच, शिवाय ती आरोग्याचीही आहे.

जुनीच पाच कारणे

तंट्याची कारणे काय असतात? रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवले. त्यातल्या मागण्या अशा होत्या : आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, आणि कामावर जबर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार चालू राहावा. यातली रविवारच्या सुटीची मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली.

एक डॉक्टर म्हणून ही यादी मी वाचतो तेव्हा मला ती आरोग्याचीच यादी वाटते. विश्रांती, जेवण, झोप, वेळेवर पैसा आणि इजेनंतरचा आधार. आज एवढ्या वर्षांनंतरही आपल्या बाजारपेठेतली बहुतेक कुरबुर याच पाच गोष्टींवरून होते. पगार वेळेवर झाला नाही की औषधाचा डोस चुकतो, हे मी दर महिन्याला पाहतो. रक्तदाबाची गोळी संपली तरी "पगार झाला की घेतो, डॉक्टर" असे सांगणारे रुग्ण कमी नाहीत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, असे आता कायदाच सांगतो. मालकांनी ही एक तारीख पाळली तरी अर्धी कुरबुर आपोआप मिटेल.

तंट्यामागे लपलेले आजार

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कामचुकार, उर्मट, बेफिकीर, विसराळू ही विशेषणे मालक सहज लावतात. काही नोकर तसे असतातही. पण पूर्वी चांगले काम करणारा माणूस अलीकडे बिघडला असेल, तर त्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याची तपासणी व्हावी. काही नेहमीची उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण चाळिशीचे. एका आडत दुकानात वीस वर्षे नोकरी केलेले दिवाणजी झोप येत नाही म्हणून माझ्याकडे आले. वय शेहेचाळीस. चार महिन्यांपासून खात्यात चुका होत होत्या. तीनचे आठ होत, बेरजा जुळत नसत. मालकाला अफरातफरीचा संशय आला होता आणि प्रकरण पोलिसांत जाण्याच्या बेतात होते. मी त्यांना टेबलावरचे वर्तमानपत्र वाचायला दिले. त्यांनी ते हात पूर्ण लांब करून धरले आणि खिडकीकडे वळले. पुढे सांगण्याची गरजच राहिली नाही. चष्मा आल्यावर बेरजा जुळू लागल्या. मालकाने जुनी खाती पुन्हा तपासून घेतली. सगळ्या चुका आकडे वाचण्यातल्या निघाल्या. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळचे कमी दिसू लागते हे आपल्या भाषेलाही ठाऊक आहे, म्हणून तर त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. तरीही हिशेब लिहिणारे, शिवणकाम करणारे, छापखान्यात मुद्रिते तपासणारे कित्येक लोक चष्म्याशिवाय ओढत राहतात. म्हातारे झालो असे मालकाला वाटू नये, ही त्यांची भीती असते.

दुसरे उदाहरण ऐकू न येण्याचे. वखारीतली करवत, यंत्रमाग, जनरेटर, पत्र्याच्या शेडमधले ठोकाठोकीचे काम. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केल्याने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही धोक्याची पातळी मानतात. त्यासाठी यंत्र आणायला नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे, असे समजावे. अशा कामगाराला आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट कळत नाहीत. मालक मागून काही सांगतो, तो वळत नाही. मालकाला वाटते, मुद्दाम दुर्लक्ष करतो. मग मालक ओरडतो, आणि कामगाराला वाटते, चारचौघांत अपमान केला. भांडण उर्मटपणाचे नसून कानाचे असते. समोर उभे राहून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. कानाची तपासणी करून घ्यावी आणि बाकीच्यांना आजच कानात घालायचे बोळे किंवा कान झाकणारी पट्टी द्यावी. गेलेले ऐकू येणे परत येत नाही. राहिलेले वाचवता येते.

तिसरे उदाहरण साखर उतरण्याचे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या माणसाचे जेवण लांबले की रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. पाहणाऱ्याला वाटते, दारू पिऊन आला. लग्नसराईत, दिवाळीच्या गर्दीत, "एवढे गिऱ्हाईक होऊ दे, मग जेव" असे म्हणता म्हणता तीन वाजतात आणि नेमके तेव्हा भांडण होते. अशा माणसाला शुद्ध असेल तर लगेच तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळून प्यायला द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि नंतर जेवायला बसवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दुकानात कोणाला मधुमेह आहे हे त्याने विश्वासाने सांगावे असे वातावरण मालकाने ठेवावे, आणि त्याची जेवणाची वेळ गिऱ्हाइकासाठीही मोडू नये.

चौथे उदाहरण अंगात रक्त कमी असण्याचे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शेंगा फोडणाऱ्या, मसाला कांडणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, दवाखान्यात लादी पुसणाऱ्या बायकांपैकी कोणी वारंवार बसत असेल, जिना चढताना धापा टाकत असेल, तर "हिचे कामात लक्ष नाही" असे म्हणण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. गोळ्या सुरू केल्यावर फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि पुढेही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नयेत.

पाचवे उदाहरण दारूचे. सोमवारी खाडा, सकाळी हात थरथरणे, दर आठवड्याला उचल. यावर मालक एक तर डोळेझाक करतो, नाही तर एके दिवशी हाकलून देतो. दोन्ही उपाय निकामी आहेत. पिऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी यंत्रावर किंवा गाडीवर मुळीच बसवू नये आणि त्या वेळी वादही घालू नये. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना स्पष्ट बोलावे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फेफरे येणे, भ्रम होणे असे जिवावरचे प्रकार होऊ शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. उपचार घेतोस तर नोकरी राहील, असे ठरावीक मुदतीचे आश्वासन दिले तर ते पुष्कळदा औषधाइतकेच काम करते.

तक्रार कशी ऐकावी

रुग्ण आल्यावर डॉक्टर आधी हकिकत ऐकतो, मग तपासतो, मग निदान करतो आणि शेवटी औषध लिहितो. मालकांचा क्रम बहुधा उलटा असतो. औषध आधी आणि हकिकत नंतर. माझ्या दवाखान्यातही चार माणसे कामाला आहेत. कंपाउंडर आणि मावशी यांची वादावादी होते, सुटीवरून रुसवे होतात. तिथे मी पाळतो ते साधे नियम सांगतो.

गिऱ्हाइकांसमोर किंवा इतर नोकरांसमोर कोणाला बोलू नये. चारचौघांतला अपमान पगारवाढीनेही भरून निघत नाही.

संताप आलेला असताना निर्णय देऊ नये. "उद्या सकाळी बोलू" हे तीन शब्द फार उपयोगी आहेत. रात्रभरात नाडीही खाली येते आणि डोकेही. मात्र उद्याची वेळ नक्की सांगावी आणि पाळावी. नाही तर टांगती तलवार ठेवल्यासारखे होते आणि समोरच्याची झोप उडते.

दोघांचे भांडण असेल तर आधी प्रत्येकाचे वेगळे ऐकावे. बसायला खुर्ची द्यावी. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा शांतपणे बोलतो. मध्येच तोडू नये. ऐकून झाल्यावर "म्हणजे तुझे म्हणणे असे आहे का?" असे त्याचेच म्हणणे त्याला परत सांगावे. निम्म्या वेळा तो म्हणतो, "नाही, तसे नाही," आणि खरी गोष्ट तेव्हा कळते.

काल-परवाचा प्रसंग विचारावा. दहा वर्षांचा पाढा वाचू नये आणि वाचू देऊ नये. मालकाने "मी तुला पोसतो" आणि "तुझ्यावर एवढे उपकार केले" ही दोन वाक्ये तोंडातून काढूच नयेत.

निर्णय काय झाला ते वहीत चार ओळींत तारखेसह लिहावे आणि दोघांनी सही करावी. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. आम्ही रुग्णाला परत दाखवायला बोलावतो, तसेच हे.

पगार कापण्याची घाई तर मुळीच करू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतन संहितेनुसार दंड मनाला येईल तसा करता येत नाही. नोकराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि दंडाची रक्कम त्या पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. ज्या उद्योगात वीस किंवा अधिक कामगार आहेत तिथे मालक आणि कामगार यांचे सारखेच प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती असणेही आवश्यक आहे. ज्यांच्याकडे पाच-सातच माणसे आहेत त्यांना समिती नेमण्याची सक्ती नाही. पण समितीच्या मागचा विचार, म्हणजे ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, हा त्यांनीही पाळावा.

सर्टिफिकेटचा वाद

आजारपणाची रजा हा मालक, नोकर आणि डॉक्टर या तिघांच्याही डोकेदुखीचा विषय आहे. नोकर म्हणतो, "डॉक्टर, चार दिवसांचे मागच्या तारखेचे लिहून द्या." मालक फोन करतो, "खरेच आजारी होता का हो? काय झालेय त्याला?" दोघांनाही नाही म्हणावे लागते.

खोटे सर्टिफिकेट देणे हा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरचा गैरवर्तनाचा गुन्हा आहे. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद आणि रुग्णाच्या ओळखीची खूण आम्हाला नोंदवहीत ठेवावी लागते. ज्या दिवशी मी रुग्णाला पाहिलेच नाही त्या दिवशी तो आजारी होता, असे मी लिहू शकत नाही. म्हणून नोकरांना सांगणे, की दाखला हवा असेल तर आजारी असतानाच दाखवायला यावे.

त्याच नियमांप्रमाणे रुग्णाचे गुपित राखणेही माझ्यावर बंधनकारक आहे. मालक माझा मित्र असला, फी त्यानेच दिली असली, तरी नोकराला कोणता आजार आहे हे त्याच्या संमतीशिवाय मी सांगणार नाही. मालकाने विचारण्याचे योग्य प्रश्न वेगळे आहेत. हा कामावर कधीपासून येऊ शकेल? ओझे उचलू शकेल का? रात्रपाळी चालेल का? उंचावर चढू द्यावे का? नोकराच्या संमतीने याची उत्तरे डॉक्टर आनंदाने लिहून देईल, आणि मालकाला कामाची आखणी करायला तेवढे पुरेसे असते.

आजाराचे नाव कळले की पुष्कळदा अन्यायच होतो. क्षयरोग झाला म्हणून हॉटेलातल्या पोऱ्याला काढून टाकतात. क्षयरोगाची औषधे सरकारतर्फे मोफत मिळतात, योग्य उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून संसर्गाचा धोका फार कमी होतो, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर तो पुन्हा काम करू शकतो. नोकरी गेली की खाणे तुटते, खाणे तुटले की औषध सुटते आणि आजार बळावतो. एचआयव्हीची लागण आहे एवढ्याच कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यास तर २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी कर्मचारी राज्य विमा योजना आपल्याला लागू होते का, याची चौकशी जरूर करावी. या योजनेत विमेदार कामगाराला ठरलेल्या अटींनुसार आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यामुळे "तापातही कामावर ये, नाही तर खाडा" हा वादच राहत नाही.

हे तंटे घरच्या घरी मिटवू नका

काही प्रकरणांत "जाऊ दे, मिटवून टाका" हा सल्ला घातक ठरतो.

पहिले, स्त्रियांची छेडछाड. लाज आणि नोकरीची भीती यांमुळे ती बाई बोलत नाही. पोटदुखी, धडधड, झटके असल्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येत राहते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान दुकानातली किंवा घरकाम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. अशी तक्रार आली की ती दाबणे हे मालकाचे काम नव्हे.

दुसरे, अपघात. बोट तुटले, हात पट्ट्यात आला, गडी शिडीवरून पडला. अशा वेळी "यंत्रात नाही, घरी पडलो असे सांग" असे शिकवून रुग्णाला आणतात. यात रुग्णाचे नुकसान होते, कारण इजा कशाने झाली यावर उपचार ठरतात. कामावर झालेल्या इजेची भरपाई हा कामगाराचा हक्क आहे. ती विम्यातून तरी मिळते, नाही तर मालकाला द्यावी लागते. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि रुग्णाबरोबर मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यावी. बोट थेट बर्फात ठेवू नये.

तिसरे, मारहाण. एकदाही हात उगारला गेला तर तो कुरबुरीचा विषय राहत नाही. मार खाल्लेल्याची तपासणी सरकारी रुग्णालयात व्हावी आणि नोंद व्हावी.

चौथे, "माझ्या जिवाचे बरेवाईट करून घेईन" असे कोणी म्हणाले तर ती धमकी आहे असे समजून सोडून देऊ नये. त्या माणसाला एकटे ठेवू नये, घरच्यांना कळवावे, कीटकनाशके वगैरे हाताशी असू नयेत हे पाहावे, आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. पगाराचा वाद नंतर सोडवता येईल, आधी माणूस वाचला पाहिजे.

मालकांच्या प्रकृतीविषयी

शेवटी मालकांच्या प्रकृतीविषयी दोन शब्द. धंद्याची उधारी, बँकेचा हप्ता, माणसांची टंचाई, यांत त्यांची ओढाताण होते हे मी जाणतो. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर बसणे, उभ्याउभ्या जेवणे, दिवसाला दहा कप चहा आणि तंबाखूची चिमूट, ही त्यांची दिनचर्या. असे असताना त्यांचा पारा चढला तर नवल नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मालकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासावी, सकाळी अर्धा तास चालावे आणि जेवण बसून करावे. रागावल्यावर छातीत दाबल्यासारखे झाले, डावा हात किंवा जबडा दुखला, दरदरून घाम आला, तर तो 'गॅस' आहे असे स्वतःच ठरवू नये आणि स्वतः गाडी चालवत येऊ नये. तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसली तरी तसेच. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

आणि एक सोपी तपासणी दर महिन्याला घरीच करावी. पगाराच्या दिवशी वहीवर सह्या घेताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : "तब्येत कशी आहे? काही अडचण आहे का?" आणि उत्तर संपेपर्यंत मान वहीतून वर काढून ऐकावे. सुरुवातीला सगळे "बरे आहे, मालक" एवढेच म्हणतील. दोन-तीन महिने नेमाने विचारत राहा. मग एखादा सांगेल की डोळ्यांना कमी दिसते, एखादी सांगेल की उभे राहिले की चक्कर येते. अशा वेळी त्याला किंवा तिला अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी देऊन तपासायला पाठवा.